दाराजवळची खाट

चिखली, ४ नोव्हेंबर १९७८

सौ. चतुरा हिला,

'सौ.' लिहिताना पेन दोनदा थांबलं. पण मी अजून जिवंत आहे आणि आपली फारकत काही झालेली नाही, तेव्हा ते बरोबरच आहे. सात वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. दर दिवाळीला लिहायचं ठरवतो आणि फराळाचा डबा रिकामा होईपर्यंत विचारही संपतो. या खेपेला दिवाळी झाली तरी विचार उरलाय, त्याला कारण आहे.

आमच्या बबनरावांनी त्या दवाखान्याचं काम घेतलंय. कोणता दवाखाना ते तुला सांगायला नको. बाळंतिणींचा वॉर्ड, जिथे एकाहत्तर साली तू सहा दिवस होतीस आणि रिकाम्या हातांनी बाहेर आलीस. कुठे कुठे कामं केली मी, कंपन्यांच्या शेडी बांधल्या, पाण्याच्या टाक्या बांधल्या, पण त्या दारातून आत जाताना घमेलं जड झालं.

छताचा गिलावा सुटलाय आणि आतले गज गंजून फुगलेत. गेल्या महिन्यात परातीएवढा तुकडा एका खाटेवर पडला. खाटेवरची बाई नशिबानं वऱ्हांड्यात उन्हाला बसली होती. आता सगळं छत ठोकून बघायचं, जिथे पोकळ वाजेल तिथे फोडायचं, गज घासायचे, दोन ठिकाणी तर स्लॅब पाडून नवा टाकायचा. आणि हे सगळं वॉर्ड चालू ठेवून. बंद केला तर बायकांना पुण्याला पाठवावं लागेल, आणि कंपन्या आल्यापासून इथे माणूस एवढं वाढलंय की वॉर्डाला एक दिवस रिकामा जात नाही. म्हणून मधोमध ताडपत्री आणि फळ्या लावून अर्धा वॉर्ड आमचा, अर्धा बायकांचा. छताला बल्ल्यांचे टेकू दिलेत.

वॉर्डाची मुख्य शमीम सिस्टर म्हणून आहे. गडी तिला घाबरतात, मीसुद्धा. तिचा नियम असा की आत एखादी बाई अडली की दारावर लाल फडकं लागतं, आणि फडकं असेपर्यंत एक हातोडा वाजायचा नाही. कधी कधी ते चार-चार तास हलत नाही. गडी विड्या ओढत बसतात, बबनराव माझ्यावर डाफरतात. मग आतून रडणं ऐकू येतं आणि नूरमोहम्मद म्हणतो, "चला भाऊ, सुट्टी संपली." तो अजून माझ्याबरोबरच आहे, सेंटरिंगचं काम त्याचंच. तुला सलाम सांगितलाय त्यानं.

आई बरी आहे. गुडघे दुखतात तरी रोज दुपारी भाकरी घेऊन कामावर येते आणि वऱ्हांड्यात बायकांशी बोलत बसते. तेवढाच तिचा वेळ जातो.

तुला एकच विचारायचं होतं. वॉर्डात वीस खाटा आहेत. तुझी कोणती होती? मी तेव्हा आत आलो नव्हतो, पुरुषांना सोडत नसत. खिडकीजवळची असेल असं मला आपलं वाटतं, तुला उजेड लागतो म्हणून. त्या खाटेवरचं छत मी स्वतः करीन म्हणतो.

तुझा,
ज्योतीराम


चिखली, १९ नोव्हेंबर १९७८

सौ. चतुरा हिला,

उत्तर नाही. येईल अशी आशाही नव्हती, तरी रोज पोस्टमन गल्लीत शिरला की मी उगाच दारात येऊन खोकतो. तो बिचारा आता मला औषध सुचवायला लागलाय.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. पुरुषांना चार ते सहा आत सोडतात. मी रोज बघतो, कंपनीच्या कपड्यांतच नवरे येतात, पिशवीत मोसंबी असते, बायकोशी काय बोलावं ते सुचत नाही म्हणून खाटेच्या लोखंडावर बोटं वाजवत बसतात. सिस्टरला विचारलं, हे आता सुरू झालं का? म्हणाली, वॉर्ड उघडला तेव्हापासून. म्हणजे तेव्हाही सोडत होते. मी सहा दिवस फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसलो होतो आणि लोकांना सांगत होतो की सोडत नाहीत.

काम अडलंय. छतामुळे नव्हे, बायकांमुळे. पोटुशी बाई घरात असताना भिंत फोडू नये, खिळा ठोकू नये, हे इथे लहान पोर सांगेल. आम्ही तर त्यांच्या डोक्यावरच फोडतोय. पहिला आठवडा कोणी काही बोललं नाही. मग वऱ्हांड्यात कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि सासवांनी आपापल्या सुना उचलल्या. चार दिवसांत सात खाटा रिकाम्या झाल्या. तळवड्याची बिल्किस नावाची पोरगी आहे, पहिलटकरीण, मूल आडवं आहे, सिस्टरनं तिला दिवस भरायच्या आधीच ठेवून घेतलं होतं. तिला तिची सासू खातूनबी परवा घेऊन गेली. नवरा सायकली दुरुस्त करतो, तो मध्ये पडला तर त्यालाच चार शब्द ऐकावे लागले.

त्याआधी सिस्टर मला म्हणाली, "मिस्त्री, तुम्ही फोडता, तुम्हीच समजवा. तुमचं ऐकतील त्या." मी वऱ्हांड्यात गेलो. खातूनबीनं मला विचारलं, "तुज्या घरात झालंय का असं? खरं सांग." मी खाली बघितलं. तिनं जे समजायचं ते समजून घेतलं आणि बोचकं बांधलं.

त्या दिवशी घरी आलो आणि मागच्या खोलीत बसलो. ती खोली अजून तशीच आहे. तुला आठवतं, मी नवी फरशी केली की तू तांब्याभर पाणी ओतायचीस आणि ते कुठे वाहतं ते बघत उभी राहायचीस? कोपऱ्यात थबकलं की म्हणायचीस, "मिस्त्री, उतार चुकला." बबनरावांनी माझ्या कामाला नाव ठेवलं तर मला राग येतो. तू ठेवायचीस तेव्हा मी पुन्हा फरशी उखडायचो. आता सगळ्या गावाच्या फरश्या मी करतो आणि पाणी ओतून बघायला कोणी नाही. मला तुझी फार आठवण येते, चतुरा. हे लिहायला सात वर्षं लागली, बोलायला आणखी किती लागली असती कोण जाणे.

ज्योतीराम


चिखली, २७ नोव्हेंबर १९७८

चतुरा,

मागच्या पत्रात 'कुणीतरी काहीतरी सांगितलं' असं लिहिलं. ती आई होती. आणि तिनं सांगितलं ते आपलंच होतं.

मी ताडपत्रीच्या अलीकडे होतो, मला सगळं ऐकू आलं. "माज्या सुनंला मागं खोली पायजे हुती. सातवा म्हैना, लई सांगितलं लोकांनी, तरी हट करून भिंत फोडून घेतली. लेकरू गेलं. माहेराला गेली ती गेली, तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई तिला." बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. माझ्या हातात छिन्नी होती आणि मी ती तशीच धरून उभा राहिलो.

आई खोटं बोलत नाही. तिला जे सांगितलं तेच ती बोलते. ती तेव्हा गावी होती, लेकरू गेल्यावर आली आणि दारातच तिनं विचारलं की भिंत का फोडली. मी म्हणालो, "तिला खोली हवी होती." एवढंच वाक्य. तू आत चटईवर पडली होतीस आणि तुला ते ऐकू गेलं होतं, हे मला ठाऊक आहे, कारण तू कूस बदललीस.

तू खोली मागितली नव्हतीस. तू म्हणाली होतीस, बाळंतपण होऊ दे, मग फोडा. मलाच घाई होती, कारण विटा उरल्या होत्या आणि रविवार मोकळा होता.

पण खरी गोष्ट भिंतीची नाहीच, आणि मी सगळ्यांना भिंतीकडे बघू दिलं. दोन महिन्यांनी एका सकाळी तुला कळा लागल्या, तू नूरमोहम्मदला माझ्याकडे पाठवलंस. मी आकुर्डीच्या साइटवर स्लॅब टाकत होतो. तो सायकलवरून धापा टाकत आला, म्हणाला, "भाऊ, भाभीला त्रास होतोय, ट्रक घेऊन चला." ट्रक समोरच उभा होता. स्लॅब एकदा घेतला की मध्ये थांबवत नाहीत, जुन्या-नव्यात सांधा राहतो, पुढे पाणी झिरपतं. त्या दिवशी तर माझ्या हाताखाली पहिल्यांदाच एवढा मोठा स्लॅब होता आणि बबनराव स्वतः बघायला आले होते. मी म्हणालो, "तासाभरात आटपतो, मग येतो." ट्रक वाळूला पाठवला. चार तास लागले. तोवर नूरमोहम्मदनं कुणाची तरी बैलगाडी मिळवून तुला हलवलं होतं.

डॉक्टरीणबाई मला फाटकाशी येऊन म्हणाल्या, दोन तास आधी आणलं असतं तर मूल हाती लागलं असतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, तुलाही नाही. लोक भिंत म्हणाले, मी गप्प बसलो. मग भिंतीवरून ते तुझ्यावर आले, तरी गप्प बसलो. तू ट्रंक भरलीस तेव्हा मला वाटलं होतं की आता तरी तोंड उघडेल माझं. ती ट्रंक मी एस.टी.च्या टपावर चढवून दिली.

आता सिस्टर रोज विचारते, बिल्किसची काही खबर? दिवस भरत आलेत तिचे. माझ्या घरातलं एक खोटं तळवड्यापर्यंत पोचलं आणि ती पोरगी त्याच्यामुळे घरी बसली आहे. हे सगळं तुला लिहिलं, आता तू काय म्हणशील ते.

ज्योतीराम


मुरूड (लातूर), २ डिसेंबर १९७८

तुमची तिन्ही पत्रं पोचली. मी कार्डावर लिहिते आहे. पोस्टमन वाचेल, दादा-वहिनी वाचतील, तिकडे सासूबाई कुणाकडून वाचून घेतील. माझ्याकडे झाकायचं काही नाही.

डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला सांगितलं ते मलाही सांगितलं होतं. तुमचा निरोप नूरमोहम्मदभाऊंनी त्याच दिवशी गाडीत मला शब्दाला शब्द सांगितला होता. यातलं नवं काहीच नाही. मला ठाऊक असलेलं मलाच लिहून तुमचं मन हलकं होत असेल, माझं होत नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा.

खाट विचारलीत. खिडकीजवळची नव्हती. दाराजवळची होती, उजव्या हाताची पहिली. मी सिस्टरकडून मागून घेतली होती. तुम्ही आलात तर लगेच दिसाल म्हणून.

त्या पोरीला घरी ठेवू देऊ नका.

चतुरा


चिखली, १० डिसेंबर १९७८

चतुरा,

तुझं कार्ड मंगळवारी सकाळी आलं. पोस्टमननं वाचलं होतं, कारण त्या दिवशी तो माझ्या खोकल्याबद्दल काही बोलला नाही. मी ते खिशात घालून कामावर गेलो. दुपारी आई भाकरी घेऊन आली, वऱ्हांड्यात बायकांमध्ये बसली. मी गड्यांना हातोडे खाली ठेवायला सांगितलं. नूरमोहम्मद म्हणाला, "फडकं तर नाही लागलं." मी म्हणालो, लागलंय असं समज आणि तूही बाहेर ये, तुझी साक्ष लागेल.

वऱ्हांड्यात दहाबारा बायका असतील. मला भाषण येत नाही. मी म्हणालो, "माझ्या आईनं तुम्हाला माझ्या बायकोची गोष्ट सांगितली. ती चुकीची आहे. भिंत मी फोडली, तिनं नको म्हटलं होतं. आणि लेकरू भिंतीमुळे गेलं नाही. तिनं निरोप पाठवला तेव्हा मी स्लॅब टाकत होतो. ट्रक होता आणि मी तो दिला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन तास उशीर झाला." नूरमोहम्मदनं मान हलवली. म्हणाला, "निरोप मीच नेला होता." शमीम सिस्टर दारात उभी होती, हातात औषधाचा ट्रे होता, तो तिनं कुठेच ठेवला नाही. एक म्हातारी म्हणाली, "मग सात वर्सं गप का बसलास रं?"

आई उठली. भाकरीचं फडकं तिथेच राहिलं. मी म्हणालो, थांब, ट्रकनं सोडतो. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. दवाखान्यापासून चिखलीपर्यंत ती दुखऱ्या गुडघ्यांनी चालत गेली आणि मी मागून शंभर पावलांवर चालत गेलो. दोन दिवस घरात शब्द नाही. ताट वाढायची आणि पाठ करून बसायची. मी लहानपणी मार खाल्लाय तिचा, त्याचं काही वाटलं नव्हतं.

गुरुवारी पहाटेच ती कामावर हजर. मला ओलांडून सरळ सिस्टरकडे गेली. "त्या तळवड्याच्या पोरीचं घर कुठं हाय?" सिस्टरनं सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ट्रक काढ. आज तरी काढ." बबनरावांना विचारलं नाही. वाळू रस्त्यातच उतरवली आणि निघालो.

खातूनबी दारात उभी होती, आम्हाला बघून वाट अडवून राहिली. आई ट्रकमधून उतरली, ते उतरणंच पाच मिनिटांचं. म्हणाली, "बाई, त्या दिशी मी तुला सांगितलं ते खोटं हुतं. मला ठाव न्हवतं खोटं हाय म्हणून, पर खोटंच. माज्या सुनंचा काय बी दोस न्हवता. ह्यो माजा ल्योक, ह्यानं उशीर केला. तू नगं करू." खातूनबीनं दाराची वाट सोडली. मग आत वळून म्हणाली, "बिल्किस, चादर घे गं." आई तिचा हात धरून पुढे बसली, मी मागे हौद्यात.

वॉर्डात तेव्हा एकच खाट बाकी होती, कारण त्या दोन दिवसांत गेलेल्यांपैकी सहाजणी परत आल्या होत्या. शनिवारी सकाळी नऊला लाल फडकं लागलं. गडी बसले. साडेअकरापर्यंत ते हललं नाही, डॉक्टर दोनदा आत-बाहेर झाले, खातूनबी माळ ओढत होती आणि आई तिच्या शेजारी बसून तेच ओठ हलवत होती. मग आतून रडू आलं. मुलगी झाली. बिल्किस सुखरूप आहे. सिस्टर बाहेर येऊन म्हणाली की घरी असती तर दोघीही गेल्या असत्या. ते तिनं माझ्याकडे बघून सांगितलं नाही, पण मी ऐकलं.

आई उठून माझ्याजवळ आली. मंगळवारनंतर घरचं म्हणून पहिलंच वाक्य. "एकीला आणली. आता दुसरीच्या दारात कवा जायाचं?"

मी म्हणालो, तिला ये म्हणून लिहितो. तर भडकली. "तिला ये म्हणाया तोंड हाय का आपल्याला? आपुन जायाचं. आणि न सांगता कुणाच्या माहेरात शिरू नये, आदी कागुद टाक." म्हणून हा कागद. येत्या शुक्रवारी, पंधरा तारखेला, सकाळच्या लातूर गाडीनं निघतोय. शुक्रवारी इथे दुसऱ्या भागाचा स्लॅब आहे. बबनराव म्हणाले, तुझ्याशिवाय कसा टाकायचा? मी म्हणालो, नूरमोहम्मद टाकेल, नाहीतर पुढे ढकला. ते डाफरायच्या आत मी चहाला गेलो.

संध्याकाळपर्यंत मुरूडला पोचू. आईला काय बोलायचं ते ती बोलेल. मी तुझ्या दादासमोर, वहिनीसमोर आणि जे शेजारीपाजारी जमतील त्यांच्यासमोर तेच बोलणार आहे जे वऱ्हांड्यात बोललो. मला तू परत हवी आहेस. हे मी लपवत नाही, पण ते मागायला येत नाही. तू नको म्हणालीस तर सकाळच्या गाडीनं आम्ही परत फिरू. आईला मात्र बसायला काहीतरी दे, जमिनीवर बसली की तिला उठता येत नाही.

आणखी एक. काल बिल्किसच्या मुलीचं नाव काय ठेवायचं यावरून वऱ्हांड्यात बायकांचं चाललं होतं, प्रत्येकीनं एकेक सुचवलं. घरी येताना आईनं मला विचारलं, "आपली बी पोरगीच हुती न्हवं? तिचं नाव काय ठिवणार हुती ती?" मी तुला कधी विचारलंच नव्हतं. पण तू मनात ठरवलेलं असणार. शुक्रवारी माझ्याशी एक शब्द बोलावासा वाटला नाही तर नको बोलूस. तिचं नाव तेवढं सांग.

ज्योतीराम